गाड्यांपासून वाचायला सगळे शिकवतात

हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा, मोठा रस्ता टाळून आतल्या शांत रस्त्याने जा. सायकल विकणाऱ्यापासून ग्रुप चालवणाऱ्यापर्यंत सगळे नव्या माणसाला हेच सांगतात, आणि गाड्यांपासून वाचायला ते बरोबरच आहे. माणसांपासून कसं वाचायचं याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. त्यात बाईसाठी हे दोन प्रश्न कितीदा तरी उलट दिशांना ओढतात. नदीकाठचा निवांत सायकल ट्रॅक, बागेतली वाट, हायवेखालचा भुयारी मार्ग इथे गाड्या नसतात, आणि नेमकी म्हणूनच आपल्याकडे बघणारी माणसंही नसतात. भुयारी मार्गात तर मध्येच वळून सुटायला जागासुद्धा नसते. ‘सुरक्षित रस्ता’ म्हणून आपण नव्या मुलींना जो दाखवतो, तो अंधार पडल्यावर सुरक्षित राहतोच असं नाही. मी स्वतः संध्याकाळनंतर दुकानं उघडी असलेला, संथ वर्दळीचा रस्ता धरते. सिग्नल जास्त लागले तरी चालतील.

सायकलवरच्या छेडछाडीची तऱ्हा वेगळी असते, म्हणून तिच्याबद्दल वेगळं बोलायला हवं. मागून बाइक येते. पुढे निघून जाण्याऐवजी तिचा वेग आपल्याइतका होतो, इंजिनाचा आवाज खाली येतो. मागे बसलेला काहीतरी बोलतो, किंवा हात लांब करून पाठीवर, कमरेवर फटका मारतो आणि बाइक सुसाट पुढे जाते. दोन-तीन सेकंदांचा खेळ. आपले दोन्ही हात हँडलवर, आपण दचकतो, हँडल वळतं आणि मागून तर गाड्या येतच असतात. माझी एक मैत्रीण अशीच पडली आणि तिचं गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) मोडलं. ज्याने हात लावला त्याच्या लेखी ती ‘मस्ती’ होती. हा चालत्या वाहनावरच्या माणसाला ढकलण्याचा प्रकार आहे, याला छेडछाड म्हणणंसुद्धा मला सौम्य वाटतं.

त्या क्षणी पहिलं काम एकच, पडायचं नाही. कोपरं सैल, नजर पुढे, सायकल सरळ रेषेत. ओरडायचं तर जरूर ओरडा, पण हात उगारायला किंवा त्याला लाथ मारायला जाऊ नका, तोल आपलाच जातो. त्याच्यामागे सायकल हाणूनही उपयोग नसतो, तो इंजिनावर आहे. गाडीचा नंबर दिसला तर मोठ्याने म्हणत राहायचा, एकदा-दोनदा नाही, माणसं असलेल्या ठिकाणी थांबेपर्यंत. थांबल्यावर लगेच व्हॉइस नोट करायची: नंबर, गाडीचा रंग, शर्ट, हेल्मेट, ठिकाण, वेळ. नंबर पुरता आठवला नाही तरी जेवढा आठवतो तेवढा बोलून ठेवा. तासाभराने तोही उरत नाही.

आता, तो पुढे जाऊन थांबला असेल तर? किंवा मागेमागेच येत असेल तर? घराकडे वळू नका. पेट्रोल पंप, हॉस्पिटलचा दरवाजा, उघडं दुकान, जिथे उजेड आणि माणसं असतील तिथे जा. आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नाही: आपण सायकल उचलून दुभाजक ओलांडू शकतो, फूटपाथवर चढून उलट दिशेने चालू लागू शकतो. वाहत्या रहदारीत गाडीला ते सहजासहजी जमत नाही. उतरावंच लागलं तर सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरा. आणि त्याला सायकलच हवी असेल तर देऊन टाका, कितीही महागाची असो.

वस्तूंमध्ये मी आरशाला सगळ्यात वर ठेवते. मागची बाइक रेंगाळतेय हे चार सेकंद आधी कळणं फार मोलाचं असतं. त्याच कारणासाठी दोन्ही कानांत इअरफोन नकोत. फोन पाठीवरच्या बॅगेत ठेवू नका, हात पोचेल असा ठेवा, आणि त्यातली आपत्कालीन सोय घरी बसून एकदा समजून घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबायचं असतं, पण ती सोय आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत ठेवता येतं. ते खरोखर बघेल अशाच माणसाला पाठवा. पेपर स्प्रेवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. चालत्या सायकलवर वारा समोरून येतो आणि फवारा आपल्याच डोळ्यांत जातो. शिवाय ब्रिटनसारख्या देशांत तो बाळगणं हाच गुन्हा आहे.

एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं, ती म्हणजे आपली अ‍ॅप. स्ट्राव्हावर (राइडचा रस्ता आणि वेळ नोंदवून इतरांना दाखवणारं अ‍ॅप) रोज राइड टाकणारी मुलगी कुठून निघते, कुठे परतते, कोणत्या वारी कोणत्या रस्त्यावर असते, हे सगळं नकाशासकट लोकांपुढे ठेवत असते. २०१८ मध्ये याच अ‍ॅपच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळ्यांचे रस्ते एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून, लष्करी तळांवरच्या हालचाली उघड झाल्या होत्या. सैनिकांचं हे झालं, तर आपल्या घराचा दरवाजा किती सहज सापडेल! राइडची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय त्यात आहे. ती आजच चालू करा, आणि राइड दिसू दे फक्त फॉलोअर्सना. ‘चाललेय’ असा फोटो टाकण्यापेक्षा घरी आल्यावर टाका.

एवढं सगळं करूनही होतं. कधीकधी तोंडातून आवाजच फुटत नाही, अंग थिजतं. शरीर भीतीला असंही उत्तर देतं, त्यात आपला काहीही दोष नसतो. माझ्या मैत्रिणीने ग्रुपवर कळवलं तेव्हा पहिला मेसेज आला, ‘एवढ्या पहाटे एकटी कशाला गेलीस?’ दुसरा होता कपड्यांबद्दल. मला आजही तो ग्रुप उघडताना राग येतो. १८९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात बायकांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान झालं, तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भररस्त्यावर टांगला होता. ठराव पडल्यावर तो फाडून टाकला. आपल्या बळावर, आपल्या वेळेला, कुणाला न विचारता निघालेली बाई बघवत नाही, हे दुखणं इतकं जुनं आहे. त्यावर शॉर्ट्सच्या लांबीचं औषध कसं लागू पडेल?

म्हणून पुरुष सायकलस्वारांना आणि गाडी चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. चालत्या गाडीतून बाटल्या तुमच्याही अंगावर येतात, तेव्हा हे तुम्हाला अगदी परकं नाही. एखादी बाइक सायकलवरच्या बाईला चिकटून चाललीय असं दिसलं तर हॉर्न वाजवा, दिवे मारा, वेग कमी करून तिच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून राहा. बाइकवाल्याला साक्षीदार आहे हे कळू द्या. ती पडली तर आधी मागची रहदारी थांबवा. नंबर टिपा. मग तिला विचारा, ‘मी थांबू का, कुणाला फोन लावू?’ आणि ती ‘नको’ म्हणाली तर तिथेच थोड्या अंतरावर उभे राहा, ती पुन्हा निघेपर्यंत.

ग्रुप चालवणाऱ्यांनी पुढच्या नवशिक्यांच्या राइडला पंक्चर काढायला शिकवतात त्याच तासात हेही शिकवावं: एका बाजूला फटका बसला तरी सायकल सरळ कशी ठेवायची. मोकळ्या मैदानात, कमी वेगात, ओळखीच्या माणसाने खांद्याला हलका धक्का द्यायचा आणि आपण रेषा सोडायची नाही. आमच्यातल्या काही जणींनी हे करून पाहिलंय. कुणाला शिकायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, वेळ ठरवू.