घरात कुंभारीण आहे, झाडू नका

एकटं राहणाऱ्या बाईला खानापुरात कुणी "कशा आहात?" म्हणून विचारत नाही. "एकट्याच राहताय व्हय वो? भ्या वाटत न्हाई?" हेच विचारतात. बाजारात, बेळगावच्या सकाळच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, मान्य. पण त्यामागून जो उपदेश सुरू होतो, तो आता पुरे झाला. भिशीत या, भजनी मंडळात या, पुण्याला भाच्याकडे जाऊन राहा, निदान एखादं कुत्रं तरी पाळा.

आई गेल्यापासून मी या कौलारू घरात एकटी आहे. नोकरी चालू आहे, तब्येत बरी आहे. रात्रीची भीती वगैरे नाही. खायला उठते ती रविवारची दुपार, जेवणखाण आणि भांडी उरकल्यावरची. आई शेवटी शेवटी फार बोलत नसे, पण आतल्या खोलीत शेंगा फोडत बसलेली असायची. तो टक टक आवाज बंद झाला तेव्हा घर मोठं झालं. बोलायला काय, फोन आहे की! दिवसातून दोनदा "जेवलीस का?" विचारणारे पुष्कळ आहेत. पण आपण आपलं काम करताना पलीकडे कुणीतरी त्याच्या कामात गढलेलं असावं, ही सोबत फोनवर मिळत नाही. मला ती एका किड्यानं दिली. हसा खुशाल.

मे महिन्यात वळीव पडून गेला आणि कौलं-भिंतीच्या फटीतून कुंभारीण, म्हणजे मातीचं घरटं करणारी माशी, आत यायला लागली. काळं अंग, पिवळे पट्टे असलेले लांब पाय, आणि कंबर इतकी बारीक की मागचा भाग जागेवर कसा राहतो याचं नवल वाटावं. धुण्याच्या दगडाजवळची ओली तांबडी माती तोंडात धरून आणायची आणि जुन्या लाकडी स्विचबोर्डाच्या वर थापायची. गोळी टेकवली की ती पुढे पसरत न्यायची आणि तेवढा वेळ बारीक घूंऽऽ असा आवाज. पट्टी संपली की आवाज बंद, बाई बाहेर. नवी पट्टी गडद, मागची वाळून फिकी पडलेली, त्यामुळे कुठवर काम आलंय ते खुर्चीतून दिसायचं. मी तांदूळ निवडत बसायची, ती तिचं बांधकाम करायची. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आमच्याच गावात आहे, पण हिला कुणी शिकवलं नव्हतं.

खोली तयार झाली की कोळी आणायचे. हे कोळी मेलेले नसतात. डंख मारून लुळे केलेले असतात, म्हणून कुजत नाहीत. अंडं घालायचं, खोली कोळ्यांनी भरायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि शेजारी दुसरी खोली सुरू. अंड्यातून निघालेली अळी ते ताजे कोळी खात वाढते, कोश करते आणि शेवटी भिंत पोखरून बाहेर पडते. आई तोवर निघून गेलेली असते, पोरांची भेट होतच नाही. क्रूर आहे? असेल. माझ्या माळ्यावरची जाळी मात्र कमी झाली.

कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलंय की भिंगुरटी, म्हणजे हीच कुंभारीण, अळीला कोंडून ठेवते आणि अळी तिचाच ध्यास घेऊन भिंगुरटी होते. दृष्टान्त गोड आहे, पण कोंडलेला जीव भिंगुरटी होत नाही, भिंगुरटीच्या पोराचं जेवण होतो. मला उपदेश करणाऱ्यांचं काहीसं असंच चाललेलं असतं. आमच्यात या आणि आमच्यासारख्या व्हा! कुंभारणीनं मला काहीच व्हायला सांगितलं नाही. तिच्या लेखी मी घरातला एक हलणारा खांब असणार.

शेजारच्या काकूंनी घरटं पाहिलं आणि उत्साहानं म्हणाल्या, "अगं बाई, कुंभारणीनं घर केलंय! म्हणजे पाळणा हलायचा बग घरात!" मग त्यांना आठवलं आपण कुणाच्या घरात उभ्या आहोत. मी पन्नाशीची, बिनलग्नाची. काकूंनी ताबडतोब लोणच्याचा विषय काढला. मी नंतर आत जाऊन पोट धरून हसले. पाळणे हलणार होतेच, एका ओळीत होते, फक्त माझे नव्हते.

स्विच दुरुस्त करायला आलेल्या पोरानं स्क्रूड्रायव्हर वर नेला, घरटं बघितलं आणि थांबला. "इर्ली बिड्री, अक्का," कानडीत म्हणाला, म्हणजे "राहू द्या, ताई", आणि खालच्या बाजूनं बोर्ड उघडून काम केलं. ती मुद्दाम धरल्या-दाबल्याशिवाय सहसा चावत नाही, घरट्यासाठी अंगावर येत नाही, हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. आमच्या सीमाभागात भाषेवरून माणसं किती तावातावानं भांडतात ते तुम्हाला माहीत आहे. या घरट्यावर मात्र काकूंचं आणि त्याचं एकमत झालं.

हे वाचून कुणी "अगं, म्हणजे तू किती एकटी आहेस!" असं कमेंटमध्ये लिहिणार असेल तर कृपया लिहू नका. वांग्याची भाजी जास्त झाली तर डबा घेऊन या, माझ्याकडे बसा, तुमचं विणकाम, हिशेब जे असेल ते करा. बोललंच पाहिजे असं नाही.

आणि दिवाळीच्या साफसफाईत असं मातीचं घरटं दिसलं तर आधी नीट बघा. प्रत्येक खोलीला गोल भोक पडलं असेल तर पोरं उडाली, खुशाल खरवडा. एक जरी बंद दिसली तरी थांबा. माझ्याकडे दोन खोल्या अजून बंद आहेत. रंगारी म्हणतो, तेवढा तुकडा सोडला तर भिंत विचित्र दिसेल. दिसू दे. पैसे पूर्ण भिंतीचे देणार आहे.