स्टेशनचा उंबरठा किती उंच?

26 मे 2025 ला मुंबईत आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. भुयारी मेट्रोचा तो टप्पा प्रवाशांसाठी उघडून जेमतेम सोळा दिवस झाले होते. तेव्हापासून दोन पक्ष पडले आहेत. एकाच्या मते भराव घालून वसवलेल्या मुंबईत जमिनीखाली रेल्वे नेणं हाच मूर्खपणा. दुसऱ्याच्या मते काम अपुरं असलेल्या एका दाराची भिंत कोसळली, एवढ्याचा बाऊ कशाला? न्यूयॉर्कमधून पाहताना दोन्ही मतं अपुरी वाटतात, कारण मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला साउथ फेरी स्टेशन आहे.

स्टॅटन आयलंडची फेरीबोट सुटते तिथलं हे न्यूयॉर्कच्या सबवेचं, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचं, 1 नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन. जुनं स्टेशन 10 जुलै 1905 चं. तिथे रूळच वळशाचे टाकलेले, त्यामुळे गाडी न उलटता फिरून पुन्हा उत्तरेला लागायची. सुरुवातीच्या आखूड गाड्यांना ते छान जमलं. पुढे गाड्या दहा डब्यांच्या झाल्या, फलाट मात्र पाच डब्यांचाच राहिला. मागच्या पाच डब्यांतल्या लोकांनी डब्यांमधून चालत पुढे येऊन उतरायचं. त्यात फलाट वक्र, म्हणून दार आणि फलाट यांच्यामध्ये मोठी फट पडायची. गाडी थांबली की फलाटाच्या कडेतून लोखंडी जाळीच्या पट्ट्या सरकत बाहेर येत आणि गाडी सुटण्याआधी मागे जात.

ही अडचण कायमची संपवायला त्याच्याखाली नवं स्टेशन बांधलं आणि 16 मार्च 2009 ला सुरू केलं. दोन रूळ, मध्ये एक सरळ फलाट, दहाही डब्यांची दारं उघडणार, शेजारच्या व्हाइटहॉल स्ट्रीट स्टेशनात आतूनच जायची सोय. खर्च 50 कोटी डॉलरहून जास्त. मांडणी म्हणून त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी वादळात तिथल्या समुद्राची पातळी सरासरी ओहोटीच्या वर सुमारे 14 फुटांपर्यंत चढली. स्टेशनच्या दारांना प्लायवूड आणि वाळूची पोती लावली होती, ती टिकली नाहीत. जिने, हवेच्या जाळ्या, मॅनहोल, केबलचे पाइप, जिथे भोक तिथून पाणी आलं आणि फलाट बुडून वरच्या मजल्यापर्यंत चढलं. ते पाणी खारं होतं, हे महत्त्वाचं. गोडं पाणी उपसून, सुकवून काही उपकरणं वाचतात. मीठ मात्र तांब्यावर आणि रिलेच्या (सिग्नल चालवणाऱ्या विजेच्या स्विचांच्या) संपर्कांवर बसतं, हवेतली ओल ओढत राहतं आणि गंज चालूच ठेवतं. सिग्नलपासून सरकत्या जिन्यांपर्यंत सगळं बदलावं लागलं. नवं स्टेशन 27 जून 2017 ला उघडलं, म्हणजे जवळपास 4 वर्षं 8 महिन्यांनी. तोवर 4 एप्रिल 2013 पासून तेच पाच डब्यांचं जुनं स्टेशन पुन्हा कामाला आलं. ते पाडलं नव्हतं, हे नशीबच.

दुरुस्तीत काय बदललं, ते आपल्याकडच्या वादात आणायला हवं. रस्त्यावरच्या दारांना पाणी अडवणारे, ओढून बसवायचे अडसर आले. हवेच्या झरोक्यांना झाकणं आली. केबल आत येण्याच्या वाटा एकेक करून बंद केल्या. सिग्नलची यंत्रणा फलाटाच्या पातळीवरून वरच्या मजल्यावर नेली.

तरीही इथे सगळं आलबेल नाही. पाऊस नसलेल्या दिवशीही न्यूयॉर्कच्या सबवेतून रोज सुमारे 1 कोटी 30 लाख गॅलन पाणी उपसावं लागतं. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळात सेंट्रल पार्कमध्ये तासाभरात 80 मिलिमीटर पाऊस पडला आणि समुद्र शांत असूनही गाड्या बंद पडल्या. शहराची गटारं तासाला सुमारे 44 मिलिमीटरच्या हिशेबाची. उरलेलं पाणी सखल जिन्याकडे धावतं. मुंबईच्या नाल्यांचं सुधारित उद्दिष्ट तासाला 50 मिलिमीटर आहे, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही तेव्हा तेवढाही निचरा होत नाही.

म्हणून ‘भुयारी नकोच’ हे उत्तर नव्हे आणि ‘एकच दार अपुरं होतं’ हा बचाव नव्हे. पाण्याला एकच दार पुरतं. मुंबईच्या या भुयारी मार्गावर, म्हणजे मेट्रो 3 वर, 26 भुयारी स्थानकं आहेत. प्रत्येक दाराची वरची पायरी लगतच्या रस्त्यापेक्षा किती उंच, आणि 26 जुलै 2005 ला तिथे पाणी कुठवर आलं होतं, हे दोन आकडे दारावरच लिहावेत. वीज गेली तर पंप कशावर चालतील आणि किती तास, तेही. आणि काम सुरू असलेलं दार पावसाळ्याआधी पूर्ण होत नसेल, तर आतल्या बाजूने पक्की काँक्रीटची भिंत घालूनच स्थानक उघडावं.

अडसर कागदावर असून भागत नाही, तो कोण, किती मिनिटांत लावतं हे आधी करून बघावं लागतं. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ब्रॉडवे स्टेशनचा एक जिना मुद्दाम पाण्याने भरला, आणि अडसर गळतो का हे पाहायला तो चार तास तसाच ठेवला. येणारे-जाणारे चक्रावून फोटो काढत होते. अशी चाचणी आचार्य अत्रे चौकाच्या जिन्यावर दर मे महिन्यात, लोकांसमोर व्हावी.