ओपन सोर्स करायचंय ना, मग आधी गडगा बघा

तर तुम्ही देवगडात नाहीतर चिपळुणात बसून, लाईट असेल तेवढ्या वेळात, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा ठेवून फुकट वाटायचं सॉफ्टवेअर लिहिताय. छानच की. मग माझं ऐका, आधी एक अमेरिकन वकील बघा, कोड काय नंतरही लिहिता येतो.

म्हणाल, आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहे ना, नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट नाही म्हणणारं. आहे. २००४ च्या वटहुकमाने त्याला भोक पाडलं होतं, ते संसदेने २००५ मध्ये बुजवलं पण. (हार्डवेअरचं नाव पुढे करून अर्ज करणारे तरी करतातच, ते सोडा.) त्याच वर्षी युरोपियन पार्लमेंटने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी उडवला. मज्जाच! पण नेटवर टाकलेला कोड बाणकोटच्या खाडीत थोडाच अडकतो, तो अमेरिकेत पोचतो आणि तिथे फोटो वायरलेसने पाठवायची आयडिया पण कुणाच्यातरी नावावर होती. २०१९ ला त्यावरूनच ग्नोम फाउंडेशन या ओपन सोर्सवाल्या संस्थेवर केस पडली, शॉटवेल नावाच्या फुकट फोटो-मॅनेजरपायी. पेटंटवाला स्वतः काही बनवत नव्हता, आणि हेच तर शिकण्यासारखं आहे.

कोकणी माणसाला खरं तर शिकवायला नकोच. बाग तुमची, कलमं तुमची, पण जायच्या पाखाडीवर काकांनी गडगा, म्हणजे दगडाचं कुंपण घातलं की पेट्या बाहेर काढणार कुठून? काका झाड लावत नाहीत, खत घालत नाहीत, फक्त कोर्टाच्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. तेव्हा तुम्हीही काका व्हा. प्रॉडक्ट नको, गिऱ्हाईक नको, एक मोघम पेटंट पुरे, म्हणजे इतकं मोघम की स्वतःलाही कळता नये, आणि धरायचं कुणाला तर ज्याच्याकडे लढायला पैसे नाहीत त्याला. फक्त ग्नोमसारखे भेटले तर वाट बदला, ते लढले, जगभरातून वर्गणी जमली, आणि २०२० मध्ये पेटंटवाल्यालाच ओपन सोर्सवर दावा करणार नाही असं लिहून द्यावं लागलं. असली हट्टी माणसं धंद्याला वाईट.

हे नसेल जमत तर गप थांबा. फेडोरा लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमच्या मागे अमेरिकन कंपनी, आणि गाण्यांच्या एमपी३ फॉरमॅटवर तिकडे पेटंट, म्हणून २०१६ संपत येईपर्यंत त्यांनी सोबत एमपी३ वाजवायची सोय दिलीच नाही, आणि व्हीएलसी हा फुकट प्लेअर बनवणारे फ्रान्सवाले तेच गाणं इतकी वर्षं खुशाल वाजवत होते. पेटंट २० वर्षांनी संपतं. तोपर्यंत कोड पेनड्राईव्हवर घ्या आणि पेनड्राईव्ह तांदळाच्या डब्यात ठेवा, पावसात इकडे सगळ्याला बुरशी येते.