पूर्ण बॅकअपने लॉग रिकामा होत नाही
‘रोज रात्री पूर्ण बॅकअप घेतला की ट्रान्झॅक्शन लॉग आपोआप रिकामा होतो’ हे डेटाबेसच्या बॅकअपवरील लेखातील विधान एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीच्या बाबतीत चुकीचे आहे. (ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची नोंद.) फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये, म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉगमधील सर्व नोंदी राखून ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, लॉगमधील जागा पुन्हा वापरण्याजोगी होते ती लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेतल्यावरच. पूर्ण बॅकअप कितीही वेळा घेतला तरी लॉगची फाइल वाढतच राहते, आणि मी पूर्वी काम करत होतो तेथे याच गैरसमजापायी डिस्क भरून सगळे व्यवहार ठप्प झाले होते.

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत चेकपॉइंटनंतर (म्हणजे मेमरीतील बदल डेटाच्या फाइलींमध्ये लिहून झाल्यावर) लॉगचे जुने भाग (सामान्यतः प्रत्येकी १६ एमबीचे) पुन्हा वापरले जातात किंवा काढून टाकले जातात. मात्र आर्काइव्हिंग (लॉगच्या भागांची प्रत दुसरीकडे साठवणे) सुरू असून त्याची कमांड वारंवार अपयशी ठरत असेल, तर तेथेही डिस्क भरते. ही बाब लेखात यायलाच हवी होती.