‘पाटे ढापले’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. दोन तासांचं काम सांगून संध्याकाळचे सहा वाजवले, ही चूक आमची. मधे एक फोन तरी करायला हवा होता. त्याबद्दल माफी मागतो.

बाकी तुम्ही लिहिलंय की गाडी मऊ करायला दिली तर मागून खाली बसवून दिली, ६,४०० रुपये घेतले आणि वर ‘काढलेले पाटे (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) ढापले’. पैशांची पावती तुमच्याकडे आहे, त्यावर मी बोलत नाही. पण ढापले?

आधी गाडीचं सांगतो. तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, नर्सरीची रोपं पोचवतो, ओतूर रोडला गाडी अशी उडते की ट्रेमधलं कोकोपीट सांडतं. १.७ टनी पिकअप आहे ती. तिचे पाटे दीड-पावणेदोन टन मालाच्या हिशेबाने बनवलेले, दोन-तीनशे किलोच्या रोपांना ते कशाला दाद देतील? तरी मी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. मागच्या टायरमध्ये भरल्या मालाची साठच्या वर हवा होती, ती कमी केली. पाट्यांच्या टोकाच्या जोडणीत असतात ते शॅकलचे बुश बदलले. चेसी उचलून पाट्यांच्या फटीत ग्रीस मारलं, कारण गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सातच्या सात मिळून एकच पहार होते. तुम्ही बायपासला चक्कर मारून आलात आणि म्हणालात, ‘काका, फरक आहे, पण अजून मऊ करा.’

मग दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला, खालून तिसरा. तुम्ही व्हिडिओ बघून आला होता, सगळ्यात खालचा जाड पाटा काढा म्हणत होता. तो मी काढला नाही. रिकाम्या गाडीत तो टेकतच नाही, माल भरल्यावर टेकतो. तो काढून गाडी मऊ होत नाही, फक्त भरल्या गाडीचा आधार जातो. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट गंजून बसला होता तो कापला. पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे टाकले. पाटे काढल्यावर गाडी मागून बोटभर खाली येते, आणि मागच्या ब्रेकचा जो लोडचा व्हॉल्व्ह असतो त्याला वाटतं माल भरलाय. तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो, पावसात रिकामी गाडी मागून घसरते. म्हणून त्याचा रॉड पुन्हा सेट केला. पाऊण तास त्यातच गेला. हे काम बरेच जण करतच नाहीत, म्हणून त्यांचं दोन तासांत होतं.

निघताना तुम्हाला सांगितलं होतं की आता टनाच्या आतच भरा. रिव्ह्यूला जो फोटो टाकलाय ‘बघा कशी बसली’ म्हणून, त्यात सिमेंटच्या गोण्या आहेत. मी मुलीला फोटो मोठा करायला लावून मोजल्या. ३२ तर वरूनच दिसतात. ५० किलोच्या हिशेबाने १,६०० झाले, आणि खालचा थर फोटोत येत नाही. रोपं कुठायत दादा?

आता पाटे. लांबीला हातभर, दोन्ही मिळून पाच-सहा किलो. भंगारवाला तीस-बत्तीसचा भाव देतो, म्हणजे दोनशेही होत नाहीत. तेवढ्यासाठी मी माझ्या बोर्डावर काळं फासून घेईन? वीस वर्षांत गिऱ्हाइकाचा वायसर ठेवून घेतला नाही. गाडी विकताना किंवा जड भाडं लागलं तर पाटे परत चढवावे लागतात, म्हणून ते मी हटकून परतच देतो. तुमचेही दिलेत. दुकानातल्या पोराने खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून, सुतळीने बांधून सीटच्या मागे ठेवलेत, जॅक आणि टामी असते तिथे. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होता, बिल देतानाही फोन चालूच होता. पोराने सांगितलं, तुम्ही मान हलवलीत.

हां, हे पावतीवर लिहायला हवं होतं. आता लिहून देत जाऊ. आणि वेळेचंही काहीतरी बघतो.

सीटमागे एकदा बघा. गोणी सापडली की रिव्ह्यूतला निदान तो शब्द तरी काढा, इथे गावात सगळे वाचतात. सिमेंटच वाहायचं असेल तर गाडी घेऊन या, पाटे परत चढवून देतो, मजुरी घेणार नाही. यू बोल्टचे मात्र पैसे पडतील, एकदा ताणलेले मी परत वापरत नाही.