एसओएस हे कशाचंही लघुरूप नाही

‘एसओएस म्हणजे सेव्ह अवर सोल्स, आमचे प्राण वाचवा. काहींच्या मते सेव्ह अवर शिप. टायटॅनिकने जगात सर्वप्रथम हा संदेश पाठवला. त्याआधी सीक्यूडी वापरत, म्हणजे कम क्विक, डेंजर.’ फोनमधल्या आपत्कालीन बटणाची माहिती देताना हा मजकूर हमखास जोडला जातो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

आधी ‘सेव्ह अवर सोल्स’. हा संकेत १९०५ साली जर्मनीच्या बिनतारी संदेशवहनाच्या नियमांत आला. जर्मन सरकार आपल्या नियमावलीत इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं कशाला घालेल? पुढच्याच वर्षी बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने हाच संकेत सगळ्या देशांसाठी ठरवला. १ जुलै १९०८पासून तो लागू झाला. त्या नियमात एस नाही की ओ नाही, नुसत्या खुणा छापल्या आहेत: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. संकटातल्या जहाजाने त्या थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा पाठवायच्या.

मग अक्षरं आली कुठून? मोर्सच्या लिपीत, म्हणजे छोट्या आणि लांब ठोक्यांनी अक्षरं पाठवायच्या तारेच्या लिपीत, टिंब हा छोटा ठोका आणि रेघ हा लांब. तीन टिंबं म्हणजे एस आणि तीन रेघा म्हणजे ओ. या नऊ खुणांना तोंडी नाव हवं, म्हणून त्यांना एसओएस म्हणू लागले. मोर्समध्ये दोन अक्षरांच्या मधे तीन टिंबांएवढा विराम सोडावा लागतो. या संकेतात तो नाही. नऊच्या नऊ खुणा एका दमात जातात. त्यामुळे त्याच खुणा तोडून व्ही-टी-बी वाचता येतात, आय-जे-एस वाचता येतात, व्ही-झेड-ई सुद्धा. कागदावर मांडून बघा, एकही टिंब कमी-जास्त होत नाही. एस-ओ-एस ही त्यातली लक्षात ठेवायला सर्वांत सोपी फोड, एवढंच. ‘आमचे प्राण वाचवा’ हा अर्थ नंतर कुणीतरी त्या फोडीला चिकटवला. सोल्स आणि शिप असे दोन-दोन अर्थ एकाच वेळी फिरतात, यावरूनच शंका यायला हवी होती.

खुणांची निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. इतर संदेशांच्या गर्दीत, खरखरीतही हा ठेका वेगळा ऐकू येतो. पाठवणाऱ्याचे हात थरथरत असले तरी तो बिघडणं कठीण.

टायटॅनिकचं म्हणाल, तर ते जहाज बुडालं १५ एप्रिल १९१२ला. तोवर संकेत लागू होऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. जून १९०९मध्ये अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांजवळ फुटलेल्या ‘स्लाव्होनिया’ जहाजाने तो वापरला होता. टायटॅनिकवरून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या जॅक फिलिप्सने तर आधी सीक्यूडीच पाठवला, एसओएस नंतर सुरू केला. त्या रात्री दोन्ही संकेत गेले.

सीक्यूडीचं पूर्णरूपही असंच मागाहून बेतलेलं. ‘सीक्यू’ ही तारेच्या काळातली जुनी खूण, अर्थ ‘सर्व केंद्रांनी लक्ष द्या’. १९०४मध्ये बिनतारी संदेशवहनाच्या मार्कोनी कंपनीने तिला संकट दाखवणारा ‘डी’ जोडला. कम आणि क्विक यांचा तिथे काही संबंध नाही.

‘पूर्णरूप चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?’ असं मला विचारलं जातं. बिघडतं. ज्याला फक्त ‘सेव्ह अवर सोल्स’ पाठ आहे, त्याच्या हातात अंधारात विजेरी दिली तर तो काय करणार? त्या तीन शब्दांत एकही टिंब नाही, एकही रेघ नाही. जहाजांसाठी मोर्सची जागा १ फेब्रुवारी १९९९ला उपग्रह आणि रेडिओवर चालणाऱ्या यंत्रणेने पूर्णपणे घेतली, पण विजेरी, शिट्टी, आरसा यांनी हा संकेत आजही देता येतो. तीनदा झटकन, तीनदा रेंगाळत, तीनदा झटकन. रेंगाळणं झटक्याच्या तिप्पट लांब. मधे कुठेही थांबायचं नाही. नऊ खुणा झाल्या की थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून.