टीडीएस कापला नाही म्हणून फॅमिली पेन्शन करमुक्त?

व्हॉट्सअ‍ॅपवर पेन्शनरांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: “सरकारी नोकराच्या पश्चात पत्नीला मिळणारी फॅमिली पेन्शन पूर्ण करमुक्त आहे. कलम 10(19) वाचा. बँक टीडीएस कापत नाही, हाच पुरावा. रिटर्न भरायची गरज नाही.”

कलम वाचायला सांगितलंय, तर वाचूया. 1961च्या आयकर कायद्यातलं (तो मार्च 2026पर्यंतच्या उत्पन्नाला लागू) 10(19) हे सैन्यदलातल्या किंवा निमलष्करी दलातल्या ज्या व्यक्तीला प्रत्यक्ष कामगिरीवर असताना, नियमांत सांगितलेल्या परिस्थितीत मृत्यू आला, तिच्या कुटुंबासाठी आहे. शेजारचं 10(18) परमवीर, महावीर, वीर चक्र आणि अधिसूचित शौर्यपदकं मिळवलेल्यांच्या कुटुंबांना सूट देतं. तलाठी, शिक्षक, रेल्वेतला कारकून यांची घरं यात कुठेच नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक कलमाचा आकडाच वाचला असावा.

टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापून घेण्याचा, मुद्दा जास्त फसवा, कारण बँक खरोखरच कापत नाही. स्वतःची पेन्शन ‘वेतन’ या शीर्षाखाली येते, म्हणून तिच्यावर पगारासारखा टीडीएस. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीला ती स्वतःच्या नोकरीबद्दल मिळत नाही, त्यामुळे ती रक्कम ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरते आणि पगाराचं कलम तिला लागत नाही. कर आहेच, फक्त तो मोजायचं काम तुमच्यावर येतं.

आमच्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका, काकाही शिक्षकच होते. पासबुकात दर महिन्याला दोन जमा: एक त्यांची, एक काकांच्या मागची. काकूंनी दोन्हींची बेरीज करून वर 75,000ची प्रमाणित वजावट लावली होती. ती फक्त पहिल्या ओळीला मिळते. दुसरीला वेगळी वजावट: रकमेचा एक तृतीयांश किंवा नव्या करप्रणालीत 25,000, जुन्या प्रणालीत 15,000, यांपैकी जे कमी असेल ते. महागाईच्या मानाने ही वजावट अगदीच तुटपुंजी आहे, पण आहे ती सोडू नये.

रिटर्नचं काय? समजा साठी ओलांडलेल्या एखाद्या बाईंना महिना 30,000 फॅमिली पेन्शन आणि एकाच बँकेतल्या ठेवींवर वर्षाला 3,00,000 व्याज आहे. 2025-26 साठी नव्या प्रणालीत पेन्शनचे 3,60,000, त्यातून 25,000 वजा, व्याज धरून 6,35,000. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असल्याने सवलतीत कर शून्य होतो. पण मूळ करमुक्त उत्पन्नाची 4 लाखांची मर्यादा ओलांडली, म्हणजे रिटर्न भरावंच लागतं. शिवाय ज्येष्ठांचं व्याज वर्षाला 1 लाखावर गेलं की बँक 10 टक्के टीडीएस कापते. बाईंनी आधी 15एच फॉर्म (‘माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका’ असं लिहून देणारा) दिला नसेल तर 30,000 कापले गेले, आणि ते परत मिळवायचा मार्ग रिटर्नच. मेसेजवर विश्वास ठेवून रिटर्न न भरणाऱ्याचा तोटा असा स्वतःच्याच खिशातून होतो.

मेसेजला थोडाफार आधार आहे तो एकरकमी पैशांत. सरकारी नोकराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, वारसाला दिलेला शिल्लक रजेचा मोबदला यांवर कर लागत नाही. सरकारने वारसांना दिलेलं सानुग्रह अनुदानही उत्पन्न धरलं जात नाही. दहा-वीस लाख एका वेळी आले, कर लागला नाही, म्हणून महिन्याची रक्कमही तशीच, असं कुटुंबाला वाटणं स्वाभाविक आहे. पण या रकमा बँकेत ठेवल्यावर मिळणारं व्याज करपात्रच.

पेन्शन अल्पवयीन मुलाच्या नावे असेल तर ती हयात पालकाच्या उत्पन्नात मिळवली जाते, हेही मेसेजमध्ये नाही.

आणि थकबाकी. मंजुरी रखडली की दोन-तीन वर्षांची पेन्शन एकदम जमा होते आणि त्या एका वर्षाचं उत्पन्न फुगतं. त्यामुळे वाढलेला कर कमी करणारी 1961च्या कायद्यातली कलम 89ची सवलत फॅमिली पेन्शनलाही आहे. ती हवी तर फॉर्म 10ई ऑनलाइन भरायचा, आणि तोही रिटर्नच्या आधी.